खाड्या मोजत कोकण: मांडवा ते केरी, नऊ दिवस सायकलवर

सागरी मार्गाचा बेत आखताना बहुतेकांची पहिली चूक एकच असते: नकाशावर किलोमीटर मोजतात आणि त्याला दिवसांनी भागतात. मांडव्यापासून गोव्याच्या केरीपर्यंत वळणावळणाने सहाशेच्या आसपास किलोमीटर होतात. सपाटीवर रोज शंभर मारणारा म्हणतो, सहा दिवस पुरे. तिसऱ्या दिवशी दुपारी तोच माणूस सायकल ढकलत असतो. या रस्त्यावर खाड्या मोजायच्या. प्रत्येक खाडीपाशी रस्ता सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरून, पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे तेवढाच चढतो. एकेक चढ शंभर-दीडशे मीटरचाच, पण तो दीड-दोन किलोमीटरमध्ये उरकलेला असतो. काही वळणांवर तर आतल्या बाजूने गेलं की पुढचं चाक उचलतं. असे पाच-सहा चढ एका दिवसात आले की घाट न चढताही घाटाएवढी चढाई होते.

म्हणून नऊ दिवस. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत हा काळ बरा. मार्चमध्ये सड्यावर सकाळी दहालाच भाजून निघतं. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचेस बंद असतात, खाड्यांमधल्या फेरीबोटींचा भरवसा नसतो आणि जांभ्यावर शेवाळ धरलेलं असतं. दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे. कारण वारा. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहते, ती आडवी आणि मंद. अकरा-बारानंतर खारं वारं सुरू होतं, ते वायव्येकडून. दक्षिणेला जाणाऱ्याच्या पाठीला लागतं. उलट दिशेने आलात तर रोज दुपारी थकलेल्या पायांनी त्याच्याशीच झुंजावं लागतं.

गिअरबद्दल आकडेच बघा. चढावर ताशी ६ किमी म्हणजे मिनिटाला १०० मीटर. पुढे २८ दाती आणि मागे ३४ दाती चकती असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १.८ मीटर जाते. म्हणजे मिनिटाला ५६ फेरे, गुडघ्यांना चालतील असे. रोडबाइकवर पुढे ३४, मागे २८ असेल, तर तोच वेग ३८ फेऱ्यांत येतो. पाठीमागे दहा किलो सामान घेऊन ३८ फेऱ्यांनी दिवसातून सहा वेळा चढलं की चौथ्या दिवशी गुडघा बोलायला लागतो. रोडबाइकच न्यायची असेल तर मागची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, निदान ३४ची करून घ्या. तुमचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, एवढी मोठी चकती पेलतो का, हे दुकानदाराला आधीच विचारा. टायर ३५ ते ४० मिमी, सामानासकट ५५ ते ६० पीएसआय. गावातल्या पंक्चरवाल्याकडे ७०० मापाची ट्यूब मिळत नाही, त्यामुळे दोन ट्यूबा सोबत हव्यातच. वॉल्व्ह बारीक, प्रेस्टा जातीचा असेल तर पितळी अॅडाप्टरही ठेवा. तीस रुपयांची ही वस्तू नसली तर पेट्रोलपंपावरची हवा नुसती बघत बसावी लागते.

दिवस पहिला: मांडवा ते मुरुड-जंजिरा, सुमारे ७० किमी

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या पोटात घेणारी बोट, पकडावी. तासाभरात पलीकडे. गेटवेच्या लाँचवाल्यांनी सायकल घेतलीच तर ती टपावर चढवावी लागते. रो-रोवर सरळ ढकलत आत नेता येते. शनिवारी सकाळी गाड्यांची गर्दी असते, म्हणून मोहीम आठवड्याच्या मधल्या वारी सुरू केलेली बरी.

मांडवा ते अलिबाग १९-२० किमी सपाट, पण अरुंद आणि वीकेंडच्या गाड्यांनी भरलेला. नागाव आणि चौलमध्ये नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून सावलीत जाता येतं. रेवदंड्याला कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याच्या वस्तीत आजही पोर्तुगीजवर बेतलेली एक बोली घराघरात बोलली जाते. तिथल्या दुकानात थांबून चहा घेतलात तर कानावर पडेल.

काशीदच्या आधी पहिली टेकडी येते. ती सगळ्यांना जड वाटते, कारण पाय अजून सपाटीच्या लयीत असतात. चढ दिसायच्या आधी गिअर खाली आणायचा, चढ लागल्यावर नाही. जोर लावलेला असताना गिअर टाकला की चेन दोन चकत्यांमध्ये अडकते, आणि डिरेलर ज्यावर लटकतो तो हँगर वाकतो. या मार्गावर सर्वांत जास्त मोडणारा भाग तोच आहे. तो प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, रस्त्यात कुठेही मिळत नाही. एक जादा हँगर सीटखालच्या पिशवीत ठेवाच.

काशीदची वाळू पांढरीशुभ्र आहे, फोटो छान येतात. सायकल मात्र वाळूवर नेऊ नका. ओली वाळू चेनला आणि पेडलच्या मधल्या बेअरिंगला एकदा लागली की पुढचे आठ दिवस दर फेऱ्याला करकर ऐकावी लागते. काशीदपुढे फणसाडच्या जंगलाची कड धरून रस्ता मुरुडला उतरतो.

रात्रीचं काम: चेन कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक कडीच्या सांध्यावर तेलाचा एकेक थेंब टाकणं. समुद्रापासून पन्नास मीटरवर सायकल रात्रभर उभी राहिली तर सकाळी कड्यांच्या बाजूंना तांबूस पूड दिसते. ती पुसून जाते. सांध्याच्या आत तेल नसेल तर मात्र एखादी कडी ताठ होते आणि दर फेऱ्याला मागे टक् असा झटका बसतो. ताठ कडी शोधायची तर पेडल उलटं, सावकाश फिरवा. डिरेलरच्या चाकावरून जाताना जी वाकत नाही ती. दोन्ही अंगठ्यांनी आडवी हलवा, तेल द्या, मोकळी होते.

दिवस दुसरा: मुरुड ते हरिहरेश्वर, ६५ ते ७० किमी

जंजिऱ्याच्या शिडाच्या होड्या राजपुरीहून सुटतात. आपली फेरीबोट तिथून नाही, आगरदांड्याहून. किल्ला बघायचा असेल तर आदल्या दुपारी. सकाळी सातला पॅडल मारून थेट आगरदांड्याची जेट्टी गाठायची आणि दिघीला उतरायचं.

पहिल्या फेरीबोटीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या अशाच आहेत. जेट्टी म्हणजे पाण्यात उतरत गेलेला काँक्रीटचा उतार. बोटीचं तोंड त्यावर टेकतं आणि लोखंडी फळी खाली पडते. भरतीला फळी कोरड्या काँक्रीटवर टेकते. ओहोटीला ती खाली, जिथे बारा तास पाणी होतं तिथे. तेवढा पट्टा हिरव्या शेवाळाने बुळबुळीत असतो आणि त्याच्या कडेला कालवं चिकटलेली असतात. कालवाच्या कवचाची धार टायरची बाजू सरळ चिरते. ट्यूबला पडलेलं भोक चिकटपट्टीने बुजतं, बाजूने चिरलेला टायर नाही. म्हणून इथे सायकलवरून उतरायचं, क्लीट (पेडलला अडकणारी पट्टी) असलेल्या बुटांनी चालायचं नाही, मधोमध चालायचं. गाड्या आधी, मग दुचाक्या, शेवटी आपण. आत गेल्यावर कठड्याला सायकल टेकवून बंजी दोरीने बांधा आणि पुढचा ब्रेक दाबून त्यावर रबरी पट्टा गुंडाळा. चाक हललं नाही तर सायकल पडत नाही. उतरताना लोखंडी फळी ओली असते, तिच्यावर हँडल वळवू नका. सरळ खाली, काँक्रीटवर आल्यावर वळा.

दिघीला उतरल्यावर बंदराचे ट्रक आहेत. एक चढ, थोडी धूळ, आणि दिवेआगरचा फाटा आला की सुटका. खरी मजा दिवेआगरनंतर. भरडखोल, शेखाडी, कोंडिवली, आरावी असा श्रीवर्धनपर्यंत वीसेक किलोमीटरचा रस्ता बहुतेक समुद्राला चिकटून आहे. एका बाजूला काळे खडक, दुसऱ्या बाजूला डोंगर, वाहनं तुरळक. नऊ दिवसांतला हा सर्वांत निवांत तुकडा आहे. घाई करू नका. फक्त एक लक्षात ठेवा, या टप्प्यात जेवणाची सोय बेभरवशाची आहे. दिवेआगरला घरगुती खानावळी पुष्कळ आहेत, पण कोकणात ‘आहे का जेवण?’ असं दारात जाऊन विचारायचं नसतं. सकाळी फोन करून ‘दीडला चार माणसं, दोन शाकाहारी’ असं सांगायचं. मग मोदकसुद्धा मिळतो.

श्रीवर्धन म्हणजे बाळाजी विश्वनाथांचं गाव आणि रोठा सुपारीचं आगर. अंगणाअंगणात सुपारी वाळत घातलेली दिसते. पुढे हरिहरेश्वरपर्यंत अठरा-वीस किलोमीटर, त्यात एक चांगला चढ. तो साडेतीननंतर घ्या.

दिवस तिसरा: हरिहरेश्वर ते हर्णै, सुमारे ७० किमी

सर्वांत कठीण दिवस. पहाटे साडेसहाला निघावं. बागमांडल्याची जेट्टी पाचेक किलोमीटरवर. सावित्रीची खाडी ओलांडली की वेसवी, आणि आपण रत्नागिरी जिल्ह्यात. वेसवीहून बाणकोट आणि वेळास उजवीकडे, वाट वाकडी करूनच जायला लागतं. फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात. ती बघायची असतील तर इथे एक मुक्काम वाढवा. ते काम पहाटे आणि संध्याकाळी चालतं, मधल्या वेळेत धावत जाऊन काही हाती लागत नाही.

इथे नावांचा घोळ सांगून ठेवायला हवा. वेळास दोन आहेत, दुसरं काल मागे टाकलेल्या श्रीवर्धन तालुक्यात. मुरुडही दोन, एक जंजिऱ्याचं, दुसरं उद्या सकाळी येणारं हर्णैजवळचं, महर्षी कर्व्यांचं. यशवंतगड दोन, नाट्याला आणि रेडीला. मोबाइलमध्ये नुसतं गावाचं नाव टाकलं तर तो उलट दिशेला घेऊन जातो. तालुका जोडून शोधा.

दुसरा घोळ पाखाड्यांचा. नकाशात पायी जाण्याचा मार्ग निवडला की तो जवळची वाट दाखवतो. ही वाट पुष्कळदा पाखाडी निघते, म्हणजे वाडीतून उतरणाऱ्या जांभ्याच्या पायऱ्या. पॅनिअर, म्हणजे चाकाच्या बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या, लावलेली पंचवीस किलोची सायकल दोनशे पायऱ्या उतरवण्यापेक्षा चार किलोमीटर जास्त परवडले. मोटारसायकलचा मार्ग लावा.

केळशीच्या आधी भारजा नदी आडवी येते. किनाऱ्याने पलीकडे जाता येत नाही. आत शिरून मांदिवलीच्या पुलावरून फिरून यावं लागतं, आणि या फेऱ्यात दोन दमदार चढ आहेत. रेवस-रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅ. अंतुल्यांच्या काळातली. त्यातल्या मोठ्या पुलांची कामं इतक्या वर्षांनी आता सुरू झालीत. त्यामुळे खाड्यांजवळ रस्ता उखडलेला, वळवलेला, खडी पसरलेला असू शकतो. आदल्या रात्री मुक्कामाच्या घरात विचारा. दूधवाला आणि एसटीचा ड्रायव्हर यांच्याएवढी ताजी माहिती मोबाइलकडे नसते.

उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दोन सेकंद मागचा, दोन सेकंद पुढचा, आलटून पालटून. रिम ब्रेक असेल तर इथून पुढे रोज रात्री पॅड काढून बघा. जांभ्याची लाल माती आणि वाळूचे कण रबरात रुततात आणि रिमची धातू खरवडतात. मग पॅडमध्ये चकचकीत अॅल्युमिनियमचे ठिपके दिसतात. ते सुईने टोकरून काढा, नाहीतर प्रत्येक उतारावर सायकल किंचाळते आणि रिम पातळ होत जाते. आणखी एक: उतार जिथे संपतो तिथेच बहुधा काटकोनी वळण आणि त्यावर पसरलेली वाळू असते. वेग वळणाआधी मारायचा. वाळूवर ब्रेक लावला की पुढचं चाक गेलंच.

केळशीनंतर एक डोंगर चढून उतरलं की आडे, पाडले, आंजर्ले. हा पट्टा म्हणजे दिवसभराच्या घामाची भरपाई. रस्ता आणि लाटा यांच्यात कधी कधी फक्त एक दगडी बांध असतो. आंजर्ल्याचा पूल ओलांडला की हर्णै. तिथे संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव चालतो, समोर सुवर्णदुर्ग. बंदरावर सायकल नेलीत तर बर्फाच्या आणि मासळीच्या खाऱ्या पाण्यातून चाकं जातात. मुक्कामी बादलीभर गोडं पाणी वरून ओता. जोरदार फवारा मारू नका, कारण पाणी बेअरिंगमध्ये घुसतं.

दिवस चौथा: हर्णै ते गुहागर, सुमारे ६० किमी

मुरुड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, पंचनदी, दाभोळ. नावं म्हणताना जेवढी लय आहे तेवढीच चढउताराची आहे. प्रत्येक गाव समुद्रपातळीवर आणि प्रत्येक दोन गावांच्या मध्ये टेकडी. दापोलीवरून जाणारा आतला रस्ता रुंद आहे, चढही एकसारखा आहे. पण मग कोकणात आलातच कशाला?

दाभोळला वाशिष्ठीच्या खाडीत फेरीबोट आहे. ही २००३मध्ये सुरू झाली आणि तिच्यामुळे गुहागरला जायला चिपळूणचा मोठा वळसा टळला. पलीकडे धोपावे. इथला चढ जेट्टीवरूनच सुरू होतो, शरीर बोटीत थंड झालेलं असताना. बोटीतून उतरल्यावर पाच मिनिटं सपाटीवर पाय फिरवायला जागा नाही, म्हणून बोट टेकायच्या आधी पोटऱ्या ताणून घ्या. आणि गिअर आधीच सर्वांत हलका करून ठेवा. उभ्या सायकलवर गिअरचं बटण दाबून काही होत नाही, मागचं चाक उचलून पेडल फिरवावं लागतं. गुहागरला साडेतीन-चारला पोचता येतं. उरलेला वेळ कपडे धुण्यात आणि झोपेत घालवा.

दिवस पाचवा: गुहागर ते गणपतीपुळे, ६० ते ६५ किमी

पालशेत, अडूर, वेळणेश्वर, हेदवी, नरवण, रोहिले, तवसाळ. वेळणेश्वरला उतरणारा आणि पुन्हा वर येणारा रस्ता इतका उभा आहे की मंदिर बघायचं की नाही हे वर फाट्यावरच ठरवा. सायकल वर ठेवून चालत जाणाऱ्यांना कोणी हसत नाही. हेदवीची बामणघळ भरतीच्या वेळीच बघण्यासारखी. खडकातल्या चिरेत लाट घुसून उंच उसळते. ओहोटीला नुसती फट दिसते. कडेला जाऊ नका, दगड ओला असतो.

भरतीचं गणित सोपं आहे: रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. काल दहाला पूर्ण भरती होती तर आज दहा पन्नासला. हे गणित जेट्ट्यांनाही उपयोगी पडतं.

तवसाळहून शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड. ही खाडी रुंद, बोटीला वेळही लागतो. दोन फेऱ्यांमधलं अंतर मोठं असू शकतं, त्यामुळे दुपारच्या फेरीची वेळ सकाळी गुहागरमध्येच विचारून घ्या. जयगडला बंदर आणि वीजप्रकल्प आहे, अवजड ट्रक चालतात. आरसा लावला नसेल तर इथे त्याची आठवण होते. मालगुंडकडे वळलं की ट्रक सुटतात. मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव, त्यांचं घर आणि स्मारक रस्त्यालगतच.

दिवस सहावा: गणपतीपुळे ते आडिवरे, सुमारे ६५ किमी

नेवरे सोडलं की आरे-वारे. कड्याच्या पोटातून कोरलेला रस्ता, खाली दोन अर्धवर्तुळाकार किनारे. सकाळी आठच्या आत पोचा. मागे पूर्वेला डोंगर असल्याने सावली असते आणि पर्यटकांच्या गाड्या अजून उठलेल्या नसतात. रविवारी दहानंतर इथे सायकल चालवण्यात काही राम नाही, वळणावळणावर गाडी उभी करून फोटो काढणारे असतात.

रत्नागिरी हे वाटेतलं मोठं शहर. सायकलची बरी दुरुस्ती, एटीएम, औषधं, सगळं इथे उरकून घ्या, पुढे गोव्यापर्यंत एवढ्या सोयी नाहीत. मागच्या चाकाच्या तारा एकदा तपासा. सामानाचा भार मागे असतो, म्हणून तार तुटते ती बहुधा मागच्या चाकाची, कॅसेटच्या बाजूची. ती बदलायला कॅसेट काढावी लागते आणि त्याचं खाचांचं टूल खेड्यात नसतं. चिमटीत दोन-दोन तारा दाबून बघा. एखादी ढिली लागली तर आजच आवळून घ्या. ढिल्या तारेचा भार शेजारची उचलते, आणि मग तुटते शेजारचीच.

भाट्याच्या पुलावरून काजळी ओलांडून गोळपचा चढ, मग पावस, पूर्णगड, मुचकुंदीवरचा पूल, गावखडी. गावखडीच्या सुरूच्या बनात दुपार काढा. कारण पुढे कशेळीचा सडा आहे.

सडा म्हणजे काय हे घाटावरच्यांना चालून गेल्याशिवाय कळत नाही. जांभ्याचं उघडं पठार, काळपट, झाड नाही, पाणी नाही. दगड दुपारी तापतो आणि संध्याकाळपर्यंत उष्णता सोडत राहतो. हवेत दमटपणा असल्याने घाम वाळत नाही आणि शरीर थंड होत नाही. इथे माणसं पाणी कमी पडून जेवढी गळतात, त्याहून जास्त मीठ कमी पडून. नुसतं पाणी प्यायलं की पोट डुचमळतं, डोकं धरतं, पिंडऱ्यांना गोळे येतात. तीन लिटर पाणी, त्यात एका लिटरमध्ये ओआरएस. कोकम सरबत मीठ घालून मागा, गोड नको म्हणा.

याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. माणसं, मासे, प्राणी, चौकटी, जांभ्यात खोदलेल्या. कशेळीच्या सड्यावर भलामोठा हत्ती आहे. २०२२मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बघायला तिरप्या उन्हात जावं, सकाळी किंवा संध्याकाळी. डोक्यावर ऊन असताना खोदलेल्या रेषेत सावली पडत नाही आणि समोर उभं राहूनही काही दिसत नाही. सायकल शिल्पावरून न्यायची नाही हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

दिवस सातवा: आडिवरे ते देवगड, ७५ ते ८० किमी

लांब दिवस, पण रस्ता तिसऱ्या दिवसापेक्षा बरा. धारतळ्यावरून जैतापूरची खाडी पुलाने ओलांडायची, मग मिठगवाणे, कात्रादेवी, आणि वाघोटणच्या पुलासाठी आत शिरायचं. पडेल कॅन्टीन हा तिठा लक्षात ठेवा. उजवीकडे विजयदुर्ग, डावीकडे जामसंड्यावरून देवगड. विजयदुर्गला जाऊन येण्यात पाऊण दिवस जातो. किल्ला हवा असेल तर तिथेच मुक्काम करून दिवसांची संख्या दहा करा, एका दिवसात दोन्ही कोंबू नका.

डिसेंबर-जानेवारीत आंब्याला मोहोर असतो आणि सकाळी बागांमध्ये फवारणी चालते. रस्त्याच्या कडेला पंपाचा आवाज आला तर वारा कुठून येतो ते बघून थांबा, पांगू द्या, मग जा. चढावर तोंड उघडं ठेवून ते औषध ओढून घेण्यात शहाणपण नाही.

दिवस आठवा: देवगड ते मालवण, ५० ते ५५ किमी

हलका दिवस. तारामुंबरी-मिठमुंबरी पुलाने कुणकेश्वर जवळ आलंय. पुढे मिठबाव, मुणगे, आचरा. आचऱ्याच्या रामेश्वराच्या आवारात दुपारी सावली आणि शांतता दोन्ही मिळते. कोळंबचा पूल, मग मालवण. जेवायला मालवणात, एवढंच सांगणं पुरे. सिंधुदुर्गाच्या होड्या दुपारनंतरही मिळतात.

दिवस नववा: मालवण ते केरी, सुमारे ८० किमी

तारकर्लीहून देवबागला जाणारा रस्ता नकाशात मोहात पाडतो. जाऊ नका. देवबाग ही वाळूची जीभ आहे, टोकाला कर्ली नदी, समोर भोगवे दिसतं पण पूल नाही. होडीवाला सायकल घेईल की नाही हे भरती, वारा आणि त्याच्याकडची पर्यटकांची गर्दी यांवर असतं. त्यावर बेत आखू नये. मालवणहून आत चौक्याकडे, नेरूरपारचा पूल, परुळे, म्हापण, केळूस, दाभोली, वेंगुर्ले. वेंगुर्ल्यात जेवण.

मोचेमाड आणि आरवलीनंतर शिरोडा. रस्त्याच्या कडेला मिठागरं आहेत, १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहातली. मग रेडी, आणि तेरेखोल.

तेरेखोल ते केरी शेवटची फेरीबोट, गोवा सरकारची. तिची अडचण अशी की पूर्ण ओहोटीला पात्रातल्या वाळूमुळे ती काही काळ थांबते. पन्नास मिनिटांचं गणित इथे वसूल होतं. ओहोटीच्या वेळी पोचणार असाल तर रेडीहूनच डावीकडे वळून आरोंदा-किरणपाणीच्या पुलाने गोव्यात शिरा. थोडं जास्त पडतं, पण जेट्टीवर दोन तास बसावं लागत नाही.

परतीसाठी सर्वांत जवळचं स्टेशन पेडणे. तिथे गाडी दोनेक मिनिटं थांबते. तेवढ्यात ब्रेकव्हॅन उघडून सायकल चढेलच असं नाही. त्यामुळे सायकल असेल तर मडगाव गाठावं. पार्सल ऑफिसात गाडीच्या दोन-तीन तास आधी जा. प्रवासाचं तिकीट दाखवा, सायकलवर नाव, फोन आणि उतरायचं स्टेशन दोन ठिकाणी ठळक लिहा, फ्रेमला गोणपाट किंवा पुठ्ठा गुंडाळा. पेडल काढून पिशवीत टाका. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतं. नऊ दिवसांच्या खाऱ्या हवेनंतर ते सहज सुटत नाही, पान्ह्याचा दांडा लांब हवा.

घरी पोचल्यावर सीटपोस्ट पूर्ण बाहेर काढा, आतलं खारं पाणी निथळू द्या, पुसून ग्रीस लावा आणि मगच पुन्हा बसवा. पेडलच्या आट्यांनाही तेच. हे राहिलं तर दोन महिन्यांनी सीट ना वर होते, ना खाली.